थोरोच्या धुण्याचा हिशेब

साध्या राहणीचा विषय निघाला आणि कोणी अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोचं नाव घेतलं, की बैठकीतला एक तरी जण ठरलेलं वाक्य टाकतो: 'अहो, पण त्याचे कपडे तर त्याची आई धुऊन द्यायची!' लोक हसतात आणि विषय तिथेच मिटतो. त्याचं 'वॉल्डन' हे पुस्तक वाचलेलं असण्याची गरज नसते. धुण्याची गोष्ट ठाऊक असली की काम भागतं. अमेरिकेत हा टोमणा जुना आहे, त्यावर तिथे निबंधही लिहिले गेले आहेत. आपल्याकडे तो मोबाइलवरून आला, आणि आता पुस्तकापेक्षा टोमणाच जास्त लोकांना पाठ आहे.

टोमणा एका वाक्याचा असला तरी त्याच्या पोटात बरंच काही असतं. थोरो ढोंगी होता. गावापासून दीड मैलावर, इमर्सनसारख्या विचारवंत मित्राच्या जमिनीवर खोपटं बांधून त्याने वनवासाचं नाटक केलं. साधी राहणी ही पोट भरलेल्यांची हौस आहे, आणि गरिबाला ती सांगणं हा निर्लज्जपणा आहे. आजच्या काळात तिचा उपयोग असलाच तर पांढऱ्या भिंतींचे फ्लॅट सजवण्यापुरता आहे. यातलं काही साफ चुकीचं आहे, काही अर्धं खरं आहे, आणि एक आक्षेप इतका वजनदार आहे की त्याला बगल देऊन साध्या राहणीची बाजू घेताच येणार नाही. गंमत अशी की टोमणा मारणाऱ्यांच्या तोंडी हा वजनदार आक्षेप क्वचितच येतो. ते धुण्यावरच थांबतात. म्हणून आपणही धुण्यापासून सुरुवात करू.

थोरो ४ जुलै १८४५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावाजवळ, वॉल्डन तळ्याच्या काठी राहायला गेला. ६ सप्टेंबर १८४७ रोजी परतला. पुस्तक आलं १८५४ मध्ये. त्यातलं पहिलं आणि सर्वांत लांब प्रकरण अर्थव्यवहाराचं आहे. निसर्गवर्णनाच्या आशेने पुस्तक उघडणारा वाचक तिथेच अडखळतो, कारण समोर खिळ्यामोळ्यांचा हिशेब येतो. दहा फूट बाय पंधरा फुटांचं घर, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हजार जुन्या विटा ४ डॉलर, खिळे ३ डॉलर ९० सेंट, खडू १ सेंट. आठ महिन्यांचं खाणं ८ डॉलर ७४ सेंट, त्यात कलिंगडाचे २ सेंट आणि मिठाचे ३ सेंट वेगळे मांडलेले. घेवड्याच्या शेतीतून खर्च वजा जाता शिल्लक ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. वाण्याच्या वहीत शोभावं असं हे लिखाण आहे, आणि ते मुद्दाम तसं आहे.

याच हिशेबात, बेरजेच्या तोंडाशी, थोरो स्वतः नोंदवतो की धुणं आणि कपड्यांची डागडुजी बहुतेक घराबाहेर झाली आणि त्याचं बिल अजून आलेलं नाही. म्हणजे आपण मोठं गुपित फोडल्याच्या थाटात जे सांगतो ते लेखकाने १८५४ मध्येच छापून ठेवलं आहे, आणि वर बिलाचा विनोदही त्यानेच करून घेतला आहे. मधूनमधून आपण बाहेर जेवायला जात असू, हेही त्याने त्याच प्रकरणात लिहिलं आहे. दर एक-दोन दिवसांनी गावात गप्पा ऐकायला जाणं, लहानशा घरात एका वेळी पंचवीस-तीस माणसं जमणं, तळ्याला लागून जाणारी फिचबर्गची रेल्वे, यातलं काहीच त्याने लपवलेलं नाही. आपण मुळात एकांतवासी नाही, हेही तो सांगून मोकळा होतो.

मग ढोंगाचा आरोप चिकटला कसा? परदेशात त्याचे टीकाकार कमी नव्हते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८० मध्येच त्याला पळपुटा ठरवलं होतं. पण आपल्याकडच्या टोमण्याला आणखी एक कारण आहे. तळ्याकाठी एकटा राहणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ऋषी येतो. आपण थोरोला न विचारता वल्कलं नेसवली, आणि नंतर तो दुपारी जेवायला घरी गेला म्हणून त्याच्यावर चिडलो. आपल्या मनातला साधेपणा हा व्रतासारखा असतो, एक नियम मोडला की सगळं व्रत बुडालं. थोरोने मांडलेला होता तो हिशेब. हिशेबात एखादी रक्कम राहून गेली तर ती भरायची असते, त्यासाठी वही जाळत नाहीत.

आणि एक रक्कम खरोखर राहून गेली आहे, हे मान्य केलं पाहिजे. धुण्याचं बिल आलं नाही कारण ते कधी येणारच नव्हतं. घरातल्या बाईच्या श्रमाचं बिल येत नाही, हा नियम कॉन्कॉर्डमध्ये होता तसा पुण्यात आणि नगरमध्येही होता. आमच्या साध्या राहणीच्या कथांमधली किती साधी राहणी पदराखाली झाकलेल्या कष्टांवर उभी आहे, हे पाहायचं असेल तर थोरोची गरज नाही, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे आत्मचरित्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या उदारपणाचं आणि पैशाबद्दलच्या बेफिकिरीचं प्रेमाने वर्णन करतं, आणि त्या बेफिकिरीची किंमत घरात कोण मोजत होतं तेही हसतहसत सांगून जातं. नवरा निरिच्छ असला की बायकोला दुप्पट व्यवहारी व्हावं लागतं. गांधीवादी, समाजवादी, सर्वोदयी घरांतल्या कितीतरी बायकांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पण या आक्षेपातून निघतं काय? निघतं एवढंच की हिशेब आणखी कडक मांडा, त्यात घरातले तासही धरा. साध्या राहणीचा विचारच खोटा, असं त्यातून निघत नाही. उलट वस्तू कमी केल्या तर त्या पुसणाऱ्या, आवरणाऱ्या, धुणाऱ्या हातांचे तास कमी होतात की नाही, हा प्रश्न थोरोच्याच पद्धतीने विचारता येतो. टेबलावर ठेवलेले चुनखडीचे तीन दगड रोज झाडावे लागतात हे लक्षात येताच त्याने ते खिडकीबाहेर फेकून दिले, ही हकिकत पुस्तकात आहे. झाडणारा तो स्वतः होता म्हणून त्याला ते सुचलं, हे मी आनंदाने मान्य करतो.

शिवाय ज्या आईच्या नावाने टोमणा मारला जातो, तिची कॉन्कॉर्डमधली ओळख धुण्याची नव्हती. थोरोची आई सिंथिया आणि बहिणी गावातल्या गुलामगिरीविरोधी महिला मंडळात आघाडीवर होत्या. १ ऑगस्ट १८४६ रोजी या मंडळाची सभा वॉल्डनच्या खोपटापाशी भरली होती. टोमण्यात तिला धोबीण करून टाकणारे स्त्रीश्रमांचा कैवार घेतात, आणि त्या बाईने आयुष्यात आणखी काय केलं याची चौकशी करत नाहीत.

थोरोला मारायला खरा दगड हवा असेल तर तो धुण्यात नाही, दुसरीकडे आहे. त्याच्या स्वस्त घराच्या फळ्या आल्या कुठून? रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नावाच्या आयरिश मजुराचं खोपटं त्याने ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतलं. ते कुटुंब दुसऱ्या दिवशी पहाटे बोचकं घेऊन बाहेर पडलं आणि थोरोने त्यांचं घर उतरवून फळ्या उन्हात वाळत घातल्या. एकाचा साधेपणा दुसऱ्याच्या बेघर होण्यातून स्वस्त झाला, हे त्याने लिहिलं आहे, पण त्यावर तो क्षणभरही रेंगाळत नाही. दुसरी जागा बेकर फार्मच्या प्रकरणात आहे. पाऊस लागला म्हणून तो जॉन फील्ड या दुसऱ्या आयरिश मजुराच्या गळक्या घरात आसऱ्याला शिरतो. फील्ड एकरी १० डॉलरवर शेजारच्या शेतकऱ्याची पाणथळ जमीन खणून देत असतो. घरात बायको, हाताशी आलेला मुलगा, तान्हं मूल. थोरो त्याला चहा, कॉफी, लोणी, दूध, मांस सोडण्याचा उपदेश करतो, म्हणजे इतकं राबावं लागणार नाही. मग पाऊस थांबतो आणि पाहुणा मासे पकडायला निघून जातो.

हे पान वाचताना राग येतो, यायलाच हवा. ज्याच्या घरात चहा हीच काय ती चैन, त्याला चहा सोडायला सांगणारा माणूस शहाणा असला तरी त्या क्षणी तो आगाऊ असतो. इथून आपण त्या वजनदार आक्षेपाकडे येतो, आणि तो आपल्याकडे सर्वांत नेमका मांडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

१९४५ मध्ये आलेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याची झडती घेणाऱ्या ग्रंथात आंबेडकरांनी गांधीवादाच्या अर्थविचारावर एक प्रकरण खर्ची घातलं आहे. यंत्रं नकोत, खेड्याकडे चला, गरजा कमी करा, या उपदेशाचा त्यांनी तिथे समाचार घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस पशूपासून वेगळा होतो तो संस्कृतीमुळे, संस्कृतीसाठी फुरसत लागते, आणि सर्वांना फुरसत हवी असेल तर कष्ट उपसायला यंत्रं हवीत. मूठभरांच्या फुरसतीसाठी बाकीच्यांनी राबावं अशी समाजरचना ज्यांना मंजूर आहे त्यांनाच यंत्राशिवायचा साधेपणा परवडतो.

याला जोड द्या त्यांच्या १९३६ च्या 'जातिप्रथेचं निर्मूलन' या न झालेल्या भाषणात नोंदवलेल्या घटनेची. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने जेवण घातलं आणि पानात तूप वाढलं. तूप वाढलं म्हणून गावातल्या सवर्णांनी लाठ्या घेऊन पंगतीवर हल्ला केला. इथे साधा आहार लाठीने लादला जात होता. त्याआधी, १९२७ च्या महाडच्या परिषदेत आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितलं होतं की जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं सोडा, जडशीळ दागिने टाका, नीटनेटक्या राहा. ज्यांना नीट कपडे घालायची शतकानुशतकं बंदी, त्यांच्यासाठी इस्त्रीचा कोट हा उधळपणा नसतो. स्वतः बाबासाहेब सूट घालत, आणि दादरला त्यांनी 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांना जागा व्हावी म्हणून.

या आक्षेपाला उत्तर नाही, असं मला बराच काळ सुनावलं गेलं आहे. माझ्या मते तो आक्षेप पूर्ण मान्य करूनच पुढे जाता येतं. लादलेला साधेपणा म्हणजे दारिद्र्य किंवा जुलूम, त्याची भलामण कोणीही करू नये, संतांच्या नावाने तर अजिबात नको. दुष्काळाने आणि सावकारीने पिचलेल्या माणसाला समाधानाचे अभंग ऐकवणारे कीर्तनकार आपल्याकडे कमी झाले नाहीत, आणि तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही कथा त्याच कीर्तनात घाईने उरकली जाते. तुकाराम घराण्याने महाजन होते. त्यांनी गरिबांना समाधानी राहा म्हणण्याआधी देणेकऱ्यांना सोडून दिलं, हा क्रम आपण विसरतो.

पण आंबेडकरांचा निकष नीट पाहा. तो फुरसतीचा आहे. थोरोचाही निकष तोच आहे. वर्षाला साधारण सहा आठवडे मजुरी केली की आपला खर्च निघतो, उरलेला काळ वाचायला आणि पाहायला मोकळा, हा त्याच्या हिशेबाचा निष्कर्ष होता. दोघांची अशी गाठ घालणं काहींना रुचणार नाही. दोघांत मोठा फरक आहेच: थोरो यंत्राकडे संशयाने पाहत होता आणि आंबेडकर आशेने. एकट्या, अविवाहित, हार्वर्डमध्ये शिकलेल्या माणसाला घेवडा लावून फुरसत मिळवता येते, एका अख्ख्या समाजाला नाही. या वादात मी आंबेडकरांच्या बाजूचा आहे. मात्र त्यांच्या आशेचं पुढे काय झालं, हे विचारण्याची वेळ आली आहे.

यंत्रं आली. कापड विणणारी आली, पत्र क्षणात पोचवणारी आली, हिशेब करणारी, आता लेख लिहून देणारीही आली. फुरसत कुठे आहे? २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सांगितलं. २०२५ च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख एस. एन. सुब्रमण्यन यांचं नव्वद तासांचं बोलणं बाहेर आलं, त्यात रविवारी कामाला बोलावता येत नाही याची खंतही होती. यंत्राने वाचवलेले तास गेले कुठे, याचं उत्तर थोरो आणि आंबेडकर या दोघांनीही मागितलं असतं.

इथे एक आपला खास देशी घोळ लक्षात घ्या. मूर्ती कुटुंबाची साधी राहणी आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' हे सुभाषित आपण अशाच श्रीमंतांना लावतो, आणि ते साधं विमानाचं तिकीट काढतात म्हणून भारावून जातो. हा साधेपणा खरा असेलही, तो मला खोटा ठरवायचा नाही. पण त्यात फक्त खर्च कमी होतो, काम कमी होत नाही, ना स्वतःचं, ना इतरांचं. थोरोच्या साधेपणाचं कामच मुळी काम कमी करणं हे होतं. सत्तर तासांचा आग्रह धरणारा साधेपणा भांडवलदाराला फार सोयीचा असतो. त्याला 'वॉल्डन'च्या रांगेत बसवणं ही त्या पुस्तकाची थट्टा आहे, धुण्याच्या टोमण्यापेक्षा मोठी.

पांढऱ्या भिंतींच्या, रिकाम्या कपाटांच्या 'मिनिमलिझम'बद्दल फार बोलायची गरज नाही. जुनं सामान काढून टाकण्यासाठी नवे डबे विकत घ्यायला लावणारा तो धंदा आहे, आणि रिकामी खोली ही मुंबईत सगळ्यांत महाग वस्तू आहे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांचं सामान असतं, कारण तिथे 'लागेल तेव्हा परत घेऊ' म्हणायची ऐपत नसते. थोरोच्या घरात तीन खुर्च्या होत्या, पण त्याने पुस्तक लिहिलं ते खुर्च्यांवर नाही.

मग कशावर लिहिलं? माझ्या मते कर्जावर. पहिल्या प्रकरणातला हा भाग कोणी वाचत नाही, आणि आज सगळ्यांत ताजा तोच आहे. आपल्या गावात शेत पूर्णपणे स्वतःच्या मालकीचं, गहाण नसलेलं, असे शेतकरी किती, हे थोरोने सारा आकारणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांना बारा नावंही पटकन सांगता आली नाहीत. मग तो गणित घालतो. आसपासच्या साधारण घराची किंमत ८०० डॉलर, मजुराचा रोज १ डॉलर धरला, तर तेवढी रक्कम शिलकी टाकायला आयुष्यातली दहा ते पंधरा वर्षं जातात, तीही पोरंबाळं नसतील तर. वस्तूची किंमत पैशात न मोजता तिच्यासाठी द्याव्या लागणाऱ्या आयुष्यात मोजायची, ही त्याची रीत. फिचबर्गला रेल्वेने जाण्याचं त्याचं गणितही याच रीतीचं: अंतर तीस मैल, भाडं ९० सेंट, म्हणजे जवळपास दिवसाची मजुरी. तुम्ही भाडं कमवून गाडीत बसाल तोवर मी चालत पोचलो असेन. (विरारहून चर्चगेटला कामावर येणाऱ्याने हे गणित करू नये. त्याला दूर राहणं परवडतं म्हणून तो दूर राहतो, आणि इथे थोरोची मात्रा चालत नाही.)

हीच रीत आपल्या हप्त्याला लावा. पन्नास लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता साधारण ४३,४०० रुपये. वीस वर्षांत परत करायची रक्कम एक कोटी चार लाखांच्या घरात, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त. हातात लाखभर पगार येणाऱ्या माणसाने या कर्जापोटी किती आयुष्य दिलं? आजच्या पगाराने एकशेचार महिने. आठ वर्षं आठ महिने, रोज ऑफिसात जाऊन, एकही पैसा खाण्यापिण्यावर खर्च न करता. पगार वाढेल, रुपयाची किंमत घटेल, घराची किंमत वाढेल, हे सगळं मला मान्य आहे आणि बँकेतला माणूसही ते तुम्हाला हसतमुखाने सांगेल. पण तो रुपयांत सांगेल, महिन्यांत सांगणार नाही.

घर घेऊ नका असं यात कुठेही म्हटलेलं नाही. थोरोनेही घर बांधलंच की. भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी करार, मालकाची मर्जी, जात आणि आहार विचारून दार बंद करणाऱ्या सोसायट्या, या परिस्थितीत स्वतःचं घर हवं वाटणं ही चैन नाही. प्रश्न त्या घराच्या आकाराचा आहे, त्याच्या जोडीला आलेल्या गाडीच्या हप्त्याचा आहे, आणि ते सगळं ज्या नोकरीवर टेकलं आहे त्या नोकरीत तुम्ही 'नाही' म्हणू शकता का, याचा आहे. वीस वर्षं हप्ता भरायचा असलेला माणूस साहेबाला नाही म्हणत नाही. सत्तर तास मागितले तर देतो. चुकीच्या कागदावर सही मागितली तर तीही करतो, आणि घरी येऊन कोणाला सांगत नाही. साध्या राहणीचा आजच्याशी जो संबंध आहे तो माझ्या लेखी इथे आहे. ती माणसाची नकार देण्याची ताकद वाढवते.

थोरोच्या बाबतीत हे तर्काने सिद्ध करावं लागत नाही, ते घडलं आहे. जुलै १८४६ मध्ये, वॉल्डनला राहत असतानाच, दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला तो गावात गेला आणि त्याला पकडलं. कित्येक वर्षं त्याने डोईपट्टी भरली नव्हती, कारण गुलामगिरी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोवर चालून जाणाऱ्या सरकारला पैसे देणं त्याला मंजूर नव्हतं. एक रात्र तो तुरुंगात राहिला. कोणीतरी परस्पर कर भरला म्हणून सकाळी सुटला. त्या एका रात्रीवर त्याने दिलेलं व्याख्यान १८४९ मध्ये निबंध म्हणून छापलं गेलं. १९०७ मध्ये गांधींनी दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन'मधून तो विचार आपल्या वाचकांपुढे ठेवला. श्रीमंत माणूस ज्या संस्थेमुळे श्रीमंत झाला तिला विकला गेलेला असतो, असा त्या निबंधाचा एक रोख आहे. गमावण्यासारखं ज्याच्याकडे कमी, त्याला सरकारला नकार देणं स्वस्त पडतं. तळ्याकाठचं खोपटं आणि तुरुंगातली रात्र ही एकाच हिशेबाची दोन पानं आहेत. टोमणा मारणारे पहिल्या पानावरचा धुण्याचा डाग दाखवतात आणि दुसरं पान उलटतच नाहीत.

मराठी वाचकाने तर ते उलटायलाच हवं, कारण 'वॉल्डन' मराठीत आणणाऱ्या बाईंनी ते पान स्वतः जगून दाखवलं. दुर्गा भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने त्याचा अनुवाद केला. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या आणि केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. सरकारचा माणूस व्यासपीठावर बसलेला असताना दुर्गाबाई जयप्रकाश नारायणांसाठी आणि लेखनस्वातंत्र्यासाठी बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, तुरुंगात राहावं लागलं. आणीबाणी उठल्यावरही त्यांनी सरकारी मानमरातबाला हात लावला नाही. त्या काळात ज्यांची पदं, अनुदानं, समित्या, सरकारी कोट्यातली घरं पणाला लागली होती असे पुष्कळ थोर साहित्यिक गप्प राहिले. त्यांची नावं इथे घेत नाही, त्यातले काही मनाने चांगलेही होते. दुर्गाबाईंकडून काढून घ्यावं असं सरकारपाशी फारसं काही नव्हतं.

आणि हीच बाई 'खमंग' नावाचं पाककृतींचं पुस्तक लिहिते. साधी राहणी म्हणजे अळणी जेवण, सुतकी चेहरा आणि जाडंभरडं धोतर, अशी समजूत ज्यांची आहे त्यांनी हे पुस्तक आवर्जून चाळावं.

धुण्याचा टोमणा मारणाऱ्या मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे: थोरोवर टीका जरूर करा, कॉलिन्सच्या फळ्या आणि फील्डचा चहा घेऊन करा, घरातल्या बाईचे तास मोजून करा, आंबेडकरांचं फुरसतीवरचं प्रकरण वाचून करा. पण त्याआधी 'वॉल्डन'चं पहिलं प्रकरण वाचा. आणि पुढच्या वेळी बँकेच्या कागदांवर सही करण्याआधी, परत करायच्या एकूण रकमेच्या आकड्याला आपल्या मासिक पगाराने भागून, किती महिने जाणार ते मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो आकडा दाखवा, मग सही करा.